रविवारची पळी

वॉशिंग मशिनपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो ड्रायरने.

पद्मिनी पांढरीपांडे तळघरातल्या लाँड्री रूममध्ये उतरली, तेव्हा एक उंच माणूस पाय रोवून तिची निळी सुती साडी ड्रायरमधून ओढत होता. तो ओढत होता आणि साडी येतच होती... त्याच्या खांद्यावर, गळ्यात, टाइल्सवर, आणि मधूनच तिच्या घडीतून त्याचा एखादा मोजा टपकन पडत होता. आत आधीच काही आहे हे न बघता महाशयांनी आपले कपडे त्यात कोंबले होते. वरच्या झरोक्यातून सप्टेंबरचा पाऊस दिसत होता. पद्मिनीला हसू आवरेना.

त्याने वर पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "ही तुझी?"

पहिल्याच भेटीत 'तू'. नागपुरात असं कुणी केलं असतं तर तिने त्याला नजरेनेच खाली बसवलं असतं. पण ह्याचं मराठी सगळं आईकडून ऐकलेलं, आणि आई पोराला 'तुम्ही' कशाला म्हणेल? हा जन्मला अमेरिकेत, ओहायोत, वाढला इथून जवळच पिस्कॅटवेला. नाव विनय सबनीस, पण दोघं शिकवत होती त्या शाळेत सगळ्यांचा 'विन'. तिच्या दारावरची पाटी वाचून त्याने आईला फोन केला होता. आईने आडनाव ऐकताच सांगून टाकलं होतं की ही नागपूरची.

"ग्रेट साडी," तो म्हणाला आणि सगळा पसारा तिच्या हातात दिला.

खरं सांगायचं तर पद्मिनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिच्या घरी कौतुकाची रीत नव्हती. एम.एस्सी.ला ती विद्यापीठात तिसरी आली, तेव्हा वडील पेपरातून मान वर न करता "बरं झालं" म्हणाले होते, आणि तेवढ्यावर तिने महिनाभर काढला होता. इथे एका अनोळखी माणसाने साडीला ग्रेट म्हटलं. पायऱ्या चढताना ती गुणगुणत होती.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये तिने त्याच माणसाला पातळ टोमॅटो सूपला ग्रेट म्हणताना ऐकलं. मग एका मुलाच्या टायला. मग भिजून आलेल्या कुत्र्याला. पद्मिनी अशी खट्टू झाली की तिने सूप अर्धं ठेवलं.

शाळा तशी आपल्याकडच्या ज्युनियर कॉलेजसारखी, फक्त अकरावी-बारावीची. न्यू जर्सीतली गणित-विज्ञानात हुशार असलेली पोरं निवडून आणायची आणि दोन वर्षं तिथेच ठेवून घ्यायची. शिकवणाऱ्यांनीही तिथेच राहायचं. सकाळी वर्गात शिकवायचं आणि संध्याकाळी त्याच पोरांचं घर व्हायचं. कोण जेवलं नाही, कोणाला घरची आठवण येतेय, कोणाचे आईबाप वेगळे होतायत, सगळं बघायचं. मेपल हाउस नावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मुली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पद्मिनी, खालच्या मजल्यावर मुलगे आणि विनय. तो इतिहास शिकवायचा, ती फिजिक्स. तिची नेमणूक एका वर्षाची होती. पुढचं वर्ष मिळालं तर नोकरी, नोकरी असली तर व्हिसा, नाही तर बॅग भरून नागपूर. पांढरीपांडे हे नाव कुणाच्याच जिभेवर चढेना, म्हणून मुलांनी तिचं 'मिस पी' केलं.

ऑक्टोबरात मिस पीने सहामाहीचे पेपर तपासले आणि आकाश कोसळलं.

केली नावाची एक किरट्या अंगाची, चष्मेवाली मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार होती. पद्मिनीने तिला शंभरपैकी बासष्ट दिले आणि खाली लिहिलं 'ठीक'. मनात ती खूश होती. पहिल्याच पेपरात पोरीला फर्स्ट क्लास. बाकीच्यांना पन्नास, पंचावन्न, म्हणजे तेही काही वाईट नव्हतं. संध्याकाळी वरच्या मजल्यावर रडारड सुरू झाली. केली फोनवर आईला सांगत होती की तिला शाळेतून काढणार, आता सामान न्यायला या.

विनय वर आला, दारात थांबला आणि विचारलं की ह्या मुलांनी तिचं काय बिघडवलंय. पद्मिनीला कळेचना. तिने तोऱ्यात सांगितलं की साठाच्या वर फर्स्ट क्लास असतो, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन, आणि ते काही रस्त्यात पडलेलं नसतं. विनय मग तिथेच पायरीवर बसला आणि हसू दाबत त्याने समजावलं की इथे बासष्ट म्हणजे जेमतेम काठावर, पन्नास म्हणजे सरळ नापास. मिस पीने अख्खा वर्ग नापास केला होता.

"पण मला एम.एस्सी.ला अडुसष्ट होते," पद्मिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं दुखावलेपण होतं की विनयचं हसू पळालं.

मार्क दुरुस्त झाले. पण मुख्याध्यापिका मिसेस हॉलिस यांनी तिला बोलावून घेतलंच. बाई मायाळू होत्या, कॉफी दिली, आणि मग सांगितलं की मार्कांची चूक चूकच, ती समजून घेता येईल. पण मुलं तिला घाबरतात. ती त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना कधी कळतच नाही. पुढच्या वर्षाचं एप्रिलमध्ये ठरवू. 

आणि त्यात ती रविवारची पळी.

मेपल हाउसची जुनी पद्धत होती. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी बैठकीच्या खोलीत गोल बसायचं. स्वयंपाकघरातली एक मोठी लाकडी पळी हातोहात फिरायची. ज्याच्या हातात पळी, त्याने कुणाबद्दल तरी एक चांगला शब्द बोलायचा. बोलायचं नसेल तर मुकाट्याने पळी पुढे द्यायची. पद्मिनीला ते सगळं भयंकर वाटे. चारचौघांत तोंडावर कौतुक करायचं? आपल्याकडे ते निरोप समारंभात करतात, हार घालून. तिच्या हातात पळी आली की ती गरम तवा हातात आल्यासारखी पुढच्याला देऊन टाकायची.

विनयचं उलट. त्याच्या हातातून पळी सुटायची नाही. अमुक मुलाने खोली आवरली, ग्रेट. तमुकने मित्राला रात्रीचं जेवण नेऊन दिलं, ग्रेट. झाडूवाला, सूपवाली, भिजका कुत्रा, सगळ्यांची पाळी येऊन गेली. नोव्हेंबर उलटला, बर्फ पडलं... आणि हळूहळू पद्मिनीच्या लक्षात यायला लागलं की सगळ्यांचं नाव येतं, तिचं तेवढं येत नाही. साडीनंतर एक शब्द नाही.

असं का? बोलणं-चालणं तर भरपूर होतं. उलट दिवसातला निम्मा वेळ तो वरच्या पायरीवरच असायचा. तिच्या हातचा चहा प्यायचा, पेला रिकामा करून पुढे करायचा. मार्कांचा तो घोळ झाल्यापासून त्याने एक खेळच काढला होता. आपलं काहीही पुढे करायचं आणि विचारायचं, "नागपूरमध्ये किती?" त्याच्या मराठीला तिने पस्तीस दिले, काठावर पास. त्याच्या जुन्या डॅटसनच्या पार्किंगला चाळीस. एकदा त्याने तिच्यासाठी चहा केला, त्याला अठ्ठेचाळीस.

"बासष्ट कधी मिळणार?" त्याने विचारलं.

"अभ्यास वाढवा," ती म्हणाली. ती त्याला 'तुम्ही'च म्हणायची आणि ते त्याला फार मजेचं वाटायचं.

"ट्यूशन घेशील?"

"माझी फी परवडणार नाही तुम्हाला."

असं सगळं. म्हणजे तिला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. तो जिन्यावर आला की पावलांवरून ओळखू यायचा, आणि तिचा हात आपोआप दुसऱ्या कपाकडे जायचा. म्हणून तर त्या न आलेल्या शब्दाचं जास्त लागायचं. कुत्र्याला मिळतो तो शब्द आपल्याला का नाही, हे कुणाला विचारणार?

जानेवारीत एका शनिवारी विनयने तिला पिस्कॅटवेला घरी नेलं. त्याची आई, शोभाकाकू, पद्मिनी दारात उभी असतानाच "अगं किती वाळलीस" म्हणाल्या, जणू जन्मापासून बघत होत्या. जेवायला आमसुलाची आमटी होती, गरम पोळी आणि कोबीची भाजी. पद्मिनीने नागपूर सोडल्यापासून असं जेवण पाहिलं नव्हतं. विनय समोर बसून एक अक्षर न बोलता जेवत होता. वाटी रिकामी झाली की नुसती पुढे सरकवायचा. काकू विचारायच्या, "आणखी वाढू?" तो म्हणायचा, "वाढ." संपलं संभाषण.

पद्मिनीला राहवेना. तिने काकूंना सांगून टाकलं की हा माणूस शाळेतल्या पाणचट सूपला ग्रेट म्हणतो आणि इथे ह्या आमटीवर मूग गिळून बसलाय. काकूंना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"घरच्यांना काय सांगायचं गं," त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तो बाहेर थँक यू म्हणतो, घरी वाटी पुढे करतो. मला कळतं."

विनय कानापर्यंत लाल झाला आणि वाटीत बघत राहिला. पद्मिनीने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला तिला सवड कुठे होती, काकू तिच्या पानात तूप ओतत होत्या.

हिवाळ्यात केली तिच्या खोलीत यायला लागली. आधी फिजिक्ससाठी. गणित अडलं की पद्मिनी काही सांगायची नाही, शाबासकी नाही की धीर नाही, नुसता चहा ठेवून शेजारी बसायची, उत्तर येईपर्यंत. मग एकदा केली वह्या न घेताच आली. तिचे वडील घर सोडून गेले होते.  पद्मिनीने पोहे केले आणि शेजारी बसून राहिली. पोरीने रडून घेतलं, पोहे खाल्ले, आणि परत मागितले. हळूहळू तिच्या मागे आणखी दोघी आल्या, मग मुलगेही. पोह्यांची बशी मोठी झाली.

एप्रिलमध्ये मिसेस हॉलिसनी बोलावलं. ह्या वेळी कॉफीच्या आधीच सांगितलं की पुढची तीन वर्षं नक्की, व्हिसाचं शाळा बघेल. केली येऊन गेली होती म्हणे. मिस पी चांगलं कधीच बोलत नाही, पण उठूनही जात नाही, असं म्हणाली होती.

आणि त्याच आठवड्यात नागपूरहून वडिलांचा फोन आला. उल्हास नावाचा मुलगा होता, इंजिनियर, घराणं चांगलं. जूनमध्ये येऊन बघून जा, वर्ष झालंच आहे. वडिलांना ती नाही म्हणू शकली असती. पण कशाच्या जोरावर? शाळेला तिने मेअखेरीच्या सोमवारपर्यंत मुदत मागितली. आणि मनाशी ठरवलं की ह्या माणसाने एक शब्द म्हटला, फक्त एक, तर राहायचं. नाही तर जायचं. फिजिक्स काय, नागपुरातही शिकवता येतं.

तिने विनयला दोन्ही गोष्टी सांगितल्या, नोकरीची आणि उल्हासची. तो पायरीवर बसला होता. त्याने कप खाली ठेवला, बराच वेळ जोड्याची नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

"ओके," तो म्हणाला.

"बस? ओके?"

"तुझं डिसिजन आहे... मी काय बोलू?" आणि तो उठून खाली गेला. कप तसाच अर्धा.

ते काही आठवडे फार वाईट गेले. जिन्यावर पावलं वाजायची, पण खालच्याखालीच थांबायची. मार्कांचा खेळ बंद झाला. पद्मिनीने बॅग काढून पलंगाखाली ठेवली, मग पलंगावर ठेवली.

मेमधला शेवटचा रविवार उजाडला. बारावीची मुलं दुसऱ्या दिवसापासून घरी जाणार होती. दुपारी पावसाची सर येऊन गेली होती आणि बैठकीच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, कापलेल्या ओल्या गवताचा वास आत येत होता. सगळे दाटीवाटीने गोल बसले. पद्मिनीने ती निळी साडी नेसली होती. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. बसायला जागा उरली ती नेमकी विनयच्या शेजारी.

पळी फिरायला लागली. वर्षाचा शेवट, त्यामुळे मुलं भरभरून बोलत होती, मधूनच रडत होती. केलीने पळी छातीशी धरून मिस पीच्या पोह्यांचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पद्मिनी हसली, पण तिचं सगळं लक्ष पळीवर होतं. चार माणसं पलीकडे, मग दोन, मग विनयच्या हातात.

 विन बोलणार म्हणजे कुणाकुणाचं नाव येणार, पोरं सरसावून बसली. विनयने पळी दोन्ही हातांत धरली. तोंड उघडलं... मिटलं. मान वळवून पद्मिनीकडे एकदा पाहिलं. आणि मुकाट्याने पळी तिच्यापुढे केली.

कुणीतरी "विन?" म्हणालं. ह्या शाळेतल्या तीन वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

पद्मिनीला वाटलं, संपलं. एक शब्द मागितला होता, तोही नाही. डोळे भरून येणार होते, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. पुढे केलेला हात. रिकामी वाटी पुढे करावी तसा, आणि कानापर्यंत चढलेली लाली. पिस्कॅटवेचं ते टेबल, आमसुलाचा वास, आणि काकूंचं ते पोळी लाटता लाटता म्हणणं, सगळं एकदम समोर आलं. बाहेरच्यांना थँक यू. घरच्यांपुढे नुसती वाटी. आपण वर्षभर बाहेरच्यांच्या रांगेत उभं राहून आपला नंबर कधी येतो ते बघत होतो... आणि ह्या वेड्याने कधीच आत घेऊन बसवलं होतं.

तिने पळी घेतली. नेहमीसारखी पुढे दिली नाही.

तिने आधी केलीकडे पाहून इंग्रजीत सांगितलं की वीस वर्षं शिकवलं तरी अशी विद्यार्थिनी पुन्हा मिळेल की नाही सांगता येत नाही. केलीचा चष्मा धुरकटला. मग पद्मिनी शेजारी वळली. पळी हातात होतीच.

"आणखी वाढू?" तिने विचारलं. मराठीत.

 विनयला कळायला एक क्षण लागला, आणि मग त्याचे डोळे असे भरले की समोरची मुलं घाबरली.

"वाढ," तो म्हणाला.

नंतर ती दोघं मागच्या दाराशी ओल्या पायरीवर बसली. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता. विनय अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत होता की प्रत्येक रविवारी तो तिच्यासाठी काहीतरी ठरवून यायचा. पण जो शब्द सूपला वापरला तो हिला कसा वापरायचा? आईच्या आमटीला तो कधी ग्रेट म्हणालाय का? आणि उल्हासचं ऐकल्यावर तर तोंडच बंद झालं, कारण आपण थांब म्हटलं आणि ती नुसतं आपल्यासाठी थांबली, तर उद्या तिला त्याचं ओझं व्हायचं.

"आता सांगतो," तो म्हणाला. "राहा. मला तू हवीस. रोज... चहाला, भांडायला, सगळ्याला."

पद्मिनीने निळ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मलाही तूच हवा आहेस," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं तिलाही कळलं नाही. "पण एवढं साधं बोलायला वर्ष लावलंस, त्याचे मार्क कापणार."

"किती राहिले?"

"बासष्ट."

तो इतका मोठ्याने हसला की खिडकीत चार डोकी आली. केलीने ओरडून विचारलं की मिस पी मघाशी काय म्हणाली. पद्मिनीने खरं तेच सांगितलं, जेवायला आणखी हवंय का एवढंच. जेवणाबद्दल बोलताना माणसं अशी दिसत नाहीत, असं केली म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

सोमवारी सकाळी पद्मिनीने मिसेस हॉलिसना होकार दिला आणि नागपूरला फोन लावला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बरं झालं." तिला रडू फुटलं, कारण त्या दोन शब्दांत किती असतं ते आता तिला माहीत होतं.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये उरलीसुरली मुलं आणि तेच टोमॅटो सूप. विनय वाढणाऱ्या बाईंना म्हणाला की आजचं सूप ग्रेट झालंय. मग टेबलाशी आला, पद्मिनीच्या समोर बसला आणि काही न बोलता त्याने आपला रिकामा कप तिच्याकडे सरकवला. तिने थर्मासातला चहा त्यात ओतला, काठोकाठ.